कामोइंगे: उखळ उचलणारं टोळकं

‘कामोइंगे कोयागा न्देरे.’

केनियातल्या किकुयू लोकांची ही म्हण. भाषांतरात हिचं हमखास ‘एकी हेच बळ’ होतं आणि माझं डोकं फिरतं. अहो, उखळ कुठे गेलं?

‘न्देरे’ म्हणजे उखळ. धान्य कांडायचं, लाकडाचं. ‘कोयागा’ म्हणजे उचलतं. एकदाच नाही, नेहमीच, तो नेहमीपणा शेवटच्या ‘गा’मध्ये आहे. (रोमन लिपीत लिहिताना इ आणि उ वर नागमोडी रेघ काढतात, आणि वाचतात मात्र ए आणि ओ! मी कितीतरी दिवस ‘कामुइंगी’ म्हणत होतो.)

खरी गंमत पहिल्या नामात आहे. ‘मोइंगे’ म्हणजे पुष्कळ लोक, जनता. त्याला पुढून ‘का’ लागला की ते लहान होतं. ‘म्वाना’ म्हणजे मूल, ‘काना’ म्हणजे तान्हं बाळ, तसंच. म्हणजे कामोइंगे हा छोटासा घोळका. आपण टोळीचं टोळकं करतो ना, अगदी तसं. फक्त आपलं टोळकं नाक्यावर उभं राहून टवाळक्या करतं, त्यांचं उखळ उचलतं.

आमच्या आजोळी उखळ पडवीत जमिनीत पुरलेलं होतं, दगडी. ते उचलायचा प्रश्नच नव्हता. म्हणूनच की काय, आपल्या म्हणीत उखळात डोकं जातं आणि वर मुसळाचे घाव बसतात. घराची फरशी बदलली तेव्हा ते उकरून काढलं. गोल, गुळगुळीत, हाताला धरायला काही नाही. मामा, मी आणि शेजारचे दोघे. पाचवा आला तर मामी ओरडली, ‘तू बाजूला हो रे, त्यांनाच जागा नाही!’

तेव्हापासून मला तो ‘का’ फार शहाणा वाटतो. उखळाभोवती हात मावतात तेवढेच. अख्खा ‘मोइंगे’ आला तर निम्मे नुसते सूचना देणार. ‘गाव करी ते राव न करी’ ही आपली म्हण इथे जोडतात, ती मला म्हणून पटत नाही. तिथे गाव विरुद्ध राव असा सामना आहे. इथे राव नाहीच, नुसतं वजन आहे.

१९६३ साली न्यूयॉर्कमध्ये काही कृष्णवर्णीय छायाचित्रकार एकत्र आले. एकमेकांचे फोटो समोर ठेवून परखड बोलायचं, हा त्यांचा शिरस्ता. गटाचं नाव त्यांनी ठेवलं ‘कामोइंगे’. सुरुवातीला होते जेमतेम मूठभर.