‘शेवटी सगळ्यांनाच होणार’ या युक्तिवादाला उत्तर

साथीचा विषय निघाला की एक संदेश पुन्हा पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच राहतो : ‘महासाथ यायची तशी येते आणि जायची तेव्हा जाते. लोकांनी काळजी घेतली काय, न घेतली काय, लागण शेवटी सगळ्यांनाच होते. धडधाकट माणसापासून कोणाला धोका नसतो. विषाणू मास्कच्या छिद्रांपेक्षा लहान असतो. स्वीडनने काहीच केले नाही आणि तो देश तरला. लाखो मरतील असे सांगितले होते, तेवढे मेलेच नाहीत. आणि एकट्यादुकट्याने नियम पाळून होते काय?’ हा संदेश पुढे पाठवणारे बहुतेक लोक वाईट हेतूने तो पाठवत नाहीत. कोविडच्या काळातील निर्बंधांनी पिचलेल्या माणसाला तो पटावा, हे समजण्यासारखे आहे. तरीही त्यातले एकेक विधान तपासून पाहणे भाग आहे, कारण पुढची साथ येईल तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत लोक कसे वागतील, यावर अशा मजकुराचा परिणाम होतो.

लागण शेवटी सगळ्यांनाच होते, हे घटकाभर खरे मानू. तरीही ती कधी होते, यावर माणूस वाचतो की दगावतो हे पुष्कळदा ठरते. मार्च २०२० मध्ये कोविडने गंभीर झालेल्या रुग्णासाठी डॉक्टरांजवळ प्राणवायूखेरीज फारसे काही नव्हते. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले आणि डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे कळले. ८ डिसेंबर २०२० पासून ब्रिटनमध्ये सर्वसामान्यांना लस मिळू लागली. म्हणजे ज्याची लागण तीन महिने लांबली त्याला औषध मिळाले आणि ज्याची वर्षभर लांबली त्याला लस मिळण्याची शक्यता निर्माण झाली. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्येच सीमा बंद केल्या आणि तिथल्या लोकांनी कडक टाळेबंदी मनापासून पाळली. सुमारे पन्नास लाख वस्तीच्या त्या देशात २०२१ संपेपर्यंत कोविडचे मृत्यू पन्नासच्या आसपास होते. पुढे २०२२ मध्ये तिथेही विषाणू घरोघरी पोहोचला, पण तोवर बारा वर्षांवरील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी लसीच्या दोन मात्रा घेतल्या होत्या. ‘पुढे ढकलून काय मिळाले’ या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

उपायांनी फरक पडतो की नाही, हे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील दोन शहरांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले. फिलाडेल्फियात पहिले रुग्ण १७ सप्टेंबरला नोंदले गेले, तरीही २८ सप्टेंबरला युद्धकर्जाच्या प्रचारासाठी मोठी मिरवणूक निघाली आणि सुमारे दोन लाख माणसे रस्त्यावर खांद्याला खांदा लावून उभी राहिली. शाळा, प्रार्थनास्थळे आणि नाट्यगृहे बंद झाली ती ३ ऑक्टोबरला. सेंट लुईसमध्ये पहिले रुग्ण ५ ऑक्टोबरला नोंदले गेले आणि ७ ऑक्टोबरला गर्दीवर निर्बंध आले. साथीच्या शिखरावर फिलाडेल्फियात एका आठवड्यात दर लाख लोकांमागे २५७ अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवी होतात त्यांहून जास्तीचे मृत्यू, झाले, तर सेंट लुईसमध्ये पहिल्या लाटेच्या शिखरावर ३१. त्या वर्षअखेरपर्यंतची बेरीज अनुक्रमे ७१९ आणि ३४७ होती. विषाणू एकच, शरद ऋतू एकच, औषध दोन्हीकडे नव्हते. नोव्हेंबरच्या मध्यावर सेंट लुईसने निर्बंध सैल केले तेव्हा तिथेही मृत्यू पुन्हा वाढले. साथ ‘जायची तेव्हा’ जात असती, तर माणसांच्या निर्णयांमागोमाग आलेख असा वरखाली झाला नसता.

यात रुग्णालयाची बाजूही आहे. खाटा वाढवता येतात, सभागृहात मांडता येतात. पण त्या खाटेजवळ रात्रभर जागून रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवणारी प्रशिक्षित परिचारिका आठवड्याभरात तयार होत नाही. तेवढेच रुग्ण पाच महिन्यांत आले तर त्यांच्यावर उपचार होतात आणि पंधरा दिवसांत आले तर त्यांतले अनेक दारातच राहतात. त्यांच्याबरोबर हृदयविकाराचा झटका आलेला आणि अपघातात सापडलेला माणूसही राहतो.

‘धडधाकट माणसापासून धोका नसतो’ हे विधान सर्वांत जास्त नुकसान करते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. २००३ मधील सार्स आजारात रुग्ण लक्षणे दिसू लागल्यानंतर, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, सर्वाधिक संसर्गजन्य होत असे. आजारी दिसणाऱ्याला वेगळे ठेवले की साखळी तुटायची, आणि म्हणूनच सुमारे आठ हजार रुग्णांनंतर ती साथ काही महिन्यांतच आटोक्यात आली. कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना लागण देऊ शकतो आणि काहींना तर लक्षणे कधी दिसतच नाहीत. ‘मला काही झालेले नाही’ हे तो प्रामाणिकपणे सांगत असतो, पण आपल्याला लागण झाली आहे हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते.

लक्षणे असली तरी ती किती किरकोळ असू शकतात, हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका गायनवृंदाच्या सरावावरून दिसते. १० मार्च २०२० च्या संध्याकाळी ६१ जण अडीच तास एकत्र होते. खुर्च्या जवळजवळ मांडलेल्या होत्या. मध्यंतरात पंधरा मिनिटे मंडळी खोलीच्या मागच्या बाजूला ठेवलेली बिस्किटे आणि संत्री खात होती आणि शेवटी सर्वांनी मिळून खुर्च्या रचून ठेवल्या. त्यांच्यातल्या एकाला सर्दीसारखा त्रास होता. त्या एका संध्याकाळनंतर त्याच्यासह ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. कोणीही बेफिकीर नव्हते, कोणाचाही दोष नव्हता. ‘एवढ्याशा सर्दीसाठी घरी कशाला बसायचे’ हा विचार आपण सगळेच करत आलो आहोत. साथीच्या काळात मात्र तोच बदलावा लागतो.

मास्कच्या छिद्रांबद्दलचा मुद्दा लवकर निकालात निघतो. विषाणू सुटा उडत येत नाही, तर श्वासातून, बोलण्यातून आणि खोकल्यातून बाहेर पडणाऱ्या थेंबांत आणि तुषारांत असतो आणि ते बहुतांशी त्याच्याहून कितीतरी मोठे असतात. शिवाय मास्क चाळणीसारखा काम करत नाही. तंतूंच्या अनेक थरांतून वाट काढताना कण तंतूंवर आदळून चिकटतात आणि चांगल्या मास्कमधील विद्युतभारित तंतू त्यांना ओढूनही घेतात. कापडी मास्क यात कमी पडतो आणि नाकाशी फट राहिलेला कोणताही मास्क कमी पडतो, हे खरे आहे. त्यावर उपाय मास्क नीट बसवणे हा आहे.

स्वीडनचे उदाहरण देणाऱ्यांनी तिथे काय घडले ते पाहावे. मार्च २०२० मध्ये तिथली उच्च माध्यमिक आणि विद्यापीठीय शिकवणी घरून सुरू झाली, पन्नासहून अधिक लोकांच्या जमावाला बंदी आली, नोव्हेंबरमध्ये ती मर्यादा आठवर आली. भर सक्तीपेक्षा सूचनांवर होता आणि लोकांनी त्या बऱ्याच अंशी पाळल्या. २०२० मध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात तिथले कोविड मृत्यू शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंडपेक्षा कितीतरी पट अधिक होते. पुढच्या काळासह एकूण अतिरिक्त मृत्यू मोजले तर स्वीडनचे आकडे युरोपात कमी भरतात, हेही मान्य केले पाहिजे. पण त्यामागे लसीकरणाला मिळालेला भरघोस प्रतिसाद आणि यंत्रणेवरचा विश्वास आहे. म्हणजे हे उदाहरण सहकार्याच्या विरुद्ध जात नाही, त्याच्याच बाजूने जाते.

सहकार्य आणि सक्ती एकच नव्हे, हे इबोलाच्या साथीने दाखवले. ऑगस्ट २०१४ मध्ये लायबेरियाच्या राजधानीतील वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती सशस्त्र पहाऱ्यात बंद करण्यात आली. दंगल उसळली, एका किशोराचा जीव गेला आणि दहा दिवसांत पहारा उठवावा लागला. त्यानंतर वस्त्यांमधलेच लोक घरोघर जाऊन रुग्ण शोधू लागले. इबोलाची लागण मृतदेहापासूनही होते, म्हणून प्रशिक्षित पथके दफन करत; अशा सुरक्षित दफनाच्या वेळी नातेवाइकांना अंतरावरून उपस्थित राहून प्रार्थना करू दिली जाऊ लागली. तेव्हा कुटुंबे मृतदेह लपवेनाशी झाली. ज्याचे हातावर पोट आहे त्याला ‘घरी थांबा’ सांगताना त्याच्या चुलीची व्यवस्था करणे हाही त्याच सहकार्याचा भाग आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याच्या रागात काही न्याय्य असेल तर तो इथे आहे.

भाकिते खोटी ठरली, हा मुद्दा एका वाक्यावर अडतो : बहुतेक गंभीर भाकितांत ‘काहीच केले नाही तर’ अशी अट होती, आणि संदेशात ती गाळलेली असते.

राहिला एकट्यादुकट्याचा प्रश्न. एक बाधित माणूस सरासरी अडीच जणांना लागण देत असेल, तर दहाव्या फेरीत सुमारे साडेनऊ हजार नवे बाधित होतात. लोकांनी आपले निकटचे संपर्क निम्मे केले आणि अडीचचे सव्वा झाले, तर दहाव्या फेरीत नऊच्या आसपास होतात. ही निम्मी घट कोणा एकाची नसते. रद्द केलेल्या एकेका भेटीची, उघडलेल्या एकेका खिडकीची ती बेरीज असते. इन्फ्लुएन्झा-बीचा यामागाता हा उपप्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने आढळलेला नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तो फ्लूच्या लशीतून वगळण्याचा सल्ला दिला. त्याला संपवण्याची मोहीम कोणी आखली नव्हती. लोक एकमेकांपासून दूर राहिले, प्रवास थांबला आणि त्या विषाणूला पुढचा माणूस मिळाला नाही, हेच त्याचे सर्वांत सयुक्तिक कारण मानले जाते.