जुनी गाडी काढून टाकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

गाडीची वॉरंटी संपली की माणसाने स्वस्थ बसू नये. कालपर्यंत धडधाकट असलेली गाडी आज सकाळपासून आजारी दिसायला हवी. स्पीडब्रेकर आला की गाणी बंद करा, काच खाली घ्या आणि कान लावा. ‘खट्’ असा आवाज येईलच. तो आधीही येत होता, पण तेव्हा गाडी वॉरंटीत असल्यामुळे तो रस्त्याचा आवाज होता. आता तो गाडीचा आहे.

घरात एखादी चौकस व्यक्ती असतेच. ती डॅशबोर्डच्या कप्प्यातून सर्व्हिस बुक काढेल आणि वाचून दाखवेल की क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब असल्या झिजणाऱ्या वस्तू वॉरंटीत कधी नव्हत्याच, त्यांचे पैसे आपण पहिल्या वर्षापासून भरतोय. म्हणजे ज्या खर्चाची धास्ती घेतली, त्यातला बराचसा वॉरंटीने कधी उचललेलाच नाही. ते पुस्तक ताबडतोब बंद करून परत कप्प्यात ठेवा. ‘इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते’ एवढी एक ओळ पाठ असली की पुरे. ती आकाशवाणीच्या सुरात म्हणायची.

आता गाडी सर्व्हिस सेंटरला न्या. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे चुकूनही नेऊ नका. तो हात पुसत येतो, गाडी जॅकवर घेतो, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवतो आणि ‘लोअर आर्मचा बुश गेलाय, बाकी काय नाय’, म्हणजे चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यातलं रबर झिजलंय, असं म्हणून तुमच्या सगळ्या मनोरथांवर पाणी ओततो. वर पुण्यात असाल तर ‘नाना पेठेतून मी आणतो’ म्हणेल, मुंबईत असाल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडचं नाव घेईल आणि संध्याकाळी गाडी परत देईल. अशा माणसामुळे देशाच्या वाहन उद्योगाचं काय होणार, याचा त्याला काही विचार नसतो.

सर्व्हिस सेंटरला मात्र तुमच्या मनातलं ओळखतात. तिथे एसी असतो, मशीनची कॉफी असते आणि इस्त्रीच्या शर्टातला अॅडव्हायजर टॅबवर बोट फिरवत तुमच्याशेजारी बसतो. टॅबवर गाडीचं चित्र, त्यावर लाल ठिपके. लोअर आर्म दोन्ही बाजूंचे. क्लच सेट, ‘सर, आत्ता नाही, पण सांगता येत नाही’. एसीची कूलिंग कॉइल. मग खालच्या अंगाला थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, इंजिन डिकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. सगळं मिळून शेहेचाळीस हजार आठशे, जीएसटी धरून. तो एक भेगाळलेला रबरी बुश पेनाच्या टोकाने दाखवेल. तो तुमच्याच गाडीचा आहे का, असं विचारणं असभ्यपणाचं आहे. यातलं आज करायलाच हवं असं काय आहे, हेही विचारू नका. विचारलंत तर आकडा निम्म्यावर येईल, आणि निम्म्या आकड्यावर नवी गाडी घेता येत नाही.

ते एस्टिमेट घडी न घालता घरी आणा. ते आता तुमचं मुख्य हत्यार आहे. जेवणाच्या टेबलावर ठेवा, मीठ-चटणीच्या मधोमध.

यापुढे या पद्धतीचा खरा गाभा येतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. दुरुस्तीचा खर्च नेहमी एकगठ्ठा बोलायचा आणि नव्या गाडीचा नेहमी महिन्याचा. ‘जुन्या खटाऱ्यावर सत्तेचाळीस हजार!’ आणि ‘नवीनला महिना फक्त सोळा’. ही वाक्यं याच क्रमाने, मध्ये श्वास न घेता म्हणायची. सत्तेचाळीस हजारांना बारांनी भागलं की महिना चार हजारसुद्धा होत नाहीत, हे कुणाच्या लक्षात येता कामा नये. उलट बाजूने, दहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १६,०८९ रुपये बसतो आणि बँकेला एकूण साडेतेरा लाख जातात, हा हिशेब मुलांच्या गणिताच्या वहीत राहू द्या. मोठ्या माणसांनी हप्ता बघायचा असतो. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपला आपण जातो, कुणी हात पुढे करून मागत नाही. गॅरेजवाला मागतो. दुखतं ते तिथे.

घसाऱ्याचं नावही काढू नका. विम्याच्या तक्त्यात नव्याकोऱ्या गाडीची किंमतसुद्धा एक्स-शोरूमच्या ५ टक्के खाली धरतात, म्हणजे तुम्ही पेढे वाटत असतानाच घसरण सुरू झालेली असते. वर्ष उलटल्यावर २० टक्के, पाचव्या वर्षी ५०. साडेनऊ लाखांच्या गाडीचे पाच वर्षांत पावणेपाच लाख गेले म्हणजे महिना आठ हजारांच्या आसपास, आणि हे गाडी एकदाही न बिघडता. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहन कर आहे. साडेनऊ लाखांवर तो एक लाख साडेचार हजार होतो. तुमचं ते अब्रू घालवणारं एस्टिमेट त्यात दोनदा बसून वर सुटे पैसे उरतात. पण कर भरणाऱ्याला कुणी वेड्यात काढत नाही. क्लच बदलणाऱ्याला काढतात.

जुन्या गाडीची खरी खोड अशी की तिची किंमत पडायची तेवढी पडून गेलेली असते. ती आता फार काही गमवत नाही. असल्या निरिच्छ वस्तूशी संसार करणं कठीण.

एवढ्यानेही घरातलं मत फिरलं नाही तर राष्ट्रीय प्रश्नांचा आधार घ्यावा. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिल्लीतल्या जुन्या गाड्यांची २०२५ मधली बातमी टाका: दहा वर्षांची डिझेल, पंधरा वर्षांची पेट्रोल, बंद! खाली नुसतं ‘बघा’ असं लिहा. आपली गाडी सात वर्षांची आहे, पेट्रोलवर चालते आणि दिल्लीपासून चौदाशे किलोमीटरवर पार्किंगमध्ये उभी आहे, हे मुद्दे गैरलागू. आपल्याकडे पंधरा वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते, ही माहिती देणाऱ्या काकांना ग्रुपचं अॅडमिनपद देऊन गप्प करा.

दुसरा आधार इथेनॉलचा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं, आणि जुन्या गाड्यांचं मायलेज त्याने थोडं उतरतं, काही रबरी पाइप आणि गॅस्केट लवकर बदलावी लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केलं आहे. ‘थोडं’ आणि ‘शकतात’ हे दोन शब्द गाळा. मग वाक्याला धार येते.

आणि सर्वांत उदात्त कारण म्हणजे बचत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. तेव्हापासून कितीतरी कुटुंबांनी सत्तर-ऐंशी हजार वाचवण्यासाठी नऊ-दहा लाख खर्च केले आहेत. तुम्हीच का मागे राहायचं? साडूने तर बुकिंगही केलंय.

मुंबईतल्या मंडळींनी हे सगळं करताना एक आठवण मात्र मनात येऊ देऊ नये. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती, आणि ती पुरी करून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. शेवटची २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदलेली. वीस वर्षं, दिवसभर, भर उन्हात, टपावर सामान, आत पाच माणसं. तुमची गाडी रोज बारा किलोमीटर ऑफिसला जाऊन सात वर्षांत थकली, असं म्हणताना आवाज किंचित खाली ठेवावा.

आता थोडं पथ्य. गाडी बदलायला काही खरी कारणंही असतात आणि ती टाळलेली बरी. जुन्या गाडीत एअरबॅग नाहीत किंवा ब्रेक दाबल्यावर चाकं जॅम होऊ न देणारं एबीएस नाही (२०१९ च्या आधीच्या स्वस्त मॉडेलांत बहुधा नसायचंच), खालचा पत्रा गंजून चॅसिसला लागलाय, पुराच्या पाण्यात एकदा बॉनेटपर्यंत बुडाली होती आणि तेव्हापासून वायरिंग रोज नवा चमत्कार दाखवतं, घरात आता म्हातारी माणसं आहेत आणि त्यांना त्या खोल सीटवरून उठता येत नाही. किंवा साधी गोष्ट, महिन्यातून दोनदा रस्त्यात बंद पडते. अशा वेळी एस्टिमेटही लागत नाही आणि दिल्लीही. पण या कारणांनी गाडी घेतली की माणूस शोरूममध्ये थेट एअरबॅग मोजायला लागतो आणि मधलं मॉडेल घेऊन घरी येतो. सनरूफ राहून जातं. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात डोक्यावर काचेचं छप्पर नसणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळतं.

याच्या बरोब्बर उलट पंथही आहे. ‘बाबांनी घेतलेली गाडी आहे’ म्हणत तिच्यावर वर्षाला लाखभर रुपये ओतणारे, प्रत्येक पार्टचं बिल फाइलला लावणारे आणि त्या फाइलमधली बेरीज कधीच न करणारे. त्यांना सल्ला देण्यात अर्थ नाही. ते सुखी आहेत, फक्त लग्नाला ते आणि बाकीचे पाहुणे वेगवेगळ्या वेळी पोचतात.

तुम्ही मात्र निर्णयापर्यंत आलात. शेवटचा घाव म्हणून घरात जाहीर करा: ‘ही आता घाट चढत नाही.’ तुम्ही गाडी घाटात शेवटची कधी नेली होती, हे कुणी विचारणार नाही. घाट या शब्दापुढे आपल्याकडे वाद संपतो.

मग मुहूर्त. साडेतीनांपैकी एखादा गाठायचाच, आणि दसरा असेल तर उत्तम, कारण त्या दिवशी शोरूममध्ये इतकी गर्दी असते की गाडी तपासायला कुणी वेळच देत नाही. ओढणीने झाकलेली गाडी, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर झेंडूचा हार. कोटेशनमधल्या ‘हँडलिंग चार्जेस’ या ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारायचा हा दिवस नव्हे. लिंबू फुटलं की प्रश्न संपले. सीटवरचं प्लास्टिक पुढच्या दसऱ्यापर्यंत काढू नका. घाम आला तरी गाडी नवी राहते.

विमा शोरूमवाल्यालाच करू द्या. जुन्या गाडीवर वर्षानुवर्षं क्लेम न केल्यामुळे साठलेला नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, गाडी विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, हे ज्ञान जपून ठेवा. आनंदाच्या प्रसंगी कुठे पत्रं मागत बसायचं?

राहता राहिली जुनी गाडी. एक्सचेंजवाला तिच्याभोवती एक फेरी मारेल, दारावरचा ओरखडा अंगठ्याने दाबून पाहील, ‘सेकंड ओनर झाली की मार्केट नाही सर’ म्हणेल आणि अशी किंमत सांगेल की दोन एस्टिमेट एकत्र केल्यासारखं वाटावं. लगेच हो म्हणा. हातात आरसी बुक द्या, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा आणि विसरून जा. नाव बदललं की नाही, हे विचारायला पुन्हा फोन करणं म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणं. कागदावर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची भरपाईसुद्धा तुमच्या दारात येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगून ठेवलंय. पण न्यायालयाला एक्सचेंजवाल्याचा स्वभाव कुठे माहीत?

मग एक दिवस नव्या गाडीत बसून, हप्ता गेल्याचा मेसेज वाचता वाचता तुम्हाला दुसरा मेसेज येईल, ई-चलनाचा. असले मेसेज खोटेही असतात, तेव्हा लिंकवर न जाता महाट्रॅफिक अॅपमध्ये बघा. तिथे फोटो असेल. नंबर ओळखीचा, दारावरचा ओरखडाही ओळखीचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, बोरघाट, चढाची बाजू. गुन्हा: अतिवेग.