बंड्याला टीव्ही घ्यायचाय

बंड्याने मोबाइल पुढे धरला आणि एका दमात वाचून दाखवलं: पंचावन्न इंची, फोर-के, एचडीआर, डॉल्बी व्हिजन, 'मोशन १२०', गेम मोड, आणि वर बजेटात बसणारा. त्याला वाटलं होतं, आता पाठीवर थाप पडेल. कट्ट्याचा तसा रिवाज नाही.

"खरे हर्ट्झ किती?" चिंगीने पहिला खडा टाकला. ही शूटर गेम खेळते आणि हरली की दोष टीव्हीला देते.

"लिहिलंय की. मोशन १२०."

"ती जाहिरात झाली. पॅनेलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट बघ, म्हणजे पडदा सेकंदाला खरोखर किती वेळा चित्र बदलतो ते. तळाला बारीक अक्षरात असेल."

बंड्याने बोट सरकवत सरकवत तळ गाठला. ६० हर्ट्झ.

"मग? काय म्हटलं मी? मधल्या फ्रेम टीव्ही स्वतःच्या मनाने बनवतो, नाहीतर बॅकलाइट लुकलुकवतो, आणि त्या करामतीला मोठा आकडा चिकटवतात. तुझ्याकडे प्लेस्टेशन ५ कन्सोल आहे ना? तो फोर-केमध्ये १२० फ्रेमपर्यंत देतो. त्याला एचडीएमआय २.१ लागतं, कन्सोलची केबल जिथे खुपसतो त्या पोर्टची नवी आवृत्ती. २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात, २.१ मधून ४८ पर्यंत. यात २.१ आहे?"

"आहे. एचडीएमआय २.१ असं स्पष्ट लिहिलंय."

"६० हर्ट्झच्या पॅनेलवर?" चिंगी हसली. "अरे, २.१ मधल्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत. कन्सोल लागला की आपोआप गेम मोडमध्ये जायची सोय तेवढी दिली, तरी २.१ लिहून मोकळे होतात."

इथे मास्तर उठला. मास्तर शिकवत कुठेच नाही, सिनेमावर लेक्चर देतो म्हणून ते नाव. त्याचं म्हणणं, १२० हर्ट्झचा हा सगळा सोस फुकाचा आहे. बंड्या खेळतो गोष्टीचे गेम, ते ३० नाहीतर ६० फ्रेमवर चालतात. १२० वर पळणारे गेम मोजकेच, आणि त्यातही चित्राची धार कमी करून तो वेग मिळवलेला. सिनेमा तर सेकंदाला २४ फ्रेमचा. तिथे १२० चं काय लोणचं घालायचं?

"२४ पंचे किती?" चिंगीने विचारलं.

मास्तर थांबला.

"१२०. प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दाखवली की झालं. ६० ला २४ ने भाग जात नाही. म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, परत तीनदा. कॅमेरा हळूहळू आडवा फिरतो तेव्हा चित्र अडखळतं, ते त्यामुळे. सिनेमावाला तू, आणि सांगायचं मी?"

मास्तरला त्याच्याच मैदानात पाडलेलं मी तरी पहिल्यांदा पाहिलं. त्याला सावरलं नानांनी. नाना काचेच्या नळीच्या काळापासून टीव्ही उघडत आलेत, त्यामुळे ते बोलले की बाकीचे थोडा वेळ तरी ऐकतात. "६० हर्ट्झचे काही सेट २४ फ्रेमचा सिग्नल नीट ओळखतात आणि पॅनेल ४८ वर चालवतात. सगळे नाही. पण तुम्ही दोघं हर्ट्झवर भांडताय, आणि त्याने अजून लॅग विचारलाच नाही."

"लॅग एक मिलिसेकंद," बंड्या उत्साहाने म्हणाला. "हे बघा, दिलंय."

"तो रिस्पॉन्स टाइम, बाळा. पिक्सेल एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ, तोही सगळ्यात सोयीचा निवडून छापलेला. इनपुट लॅग वेगळा. तू बटण दाबलंस आणि पडद्यावर ते दिसलं, त्यात टीव्हीने खाल्लेला वेळ."

नानांनी मग हे सविस्तर सांगितलं, आणि मला विचाराल तर त्या संध्याकाळी कामाचं तेच होतं. आलेलं चित्र टीव्ही लगेच दाखवत नाही. आधी त्यातली खरखर पुसतो, कडा धारदार करतो, फ्रेमच्या मधे फ्रेम रचतो. सिनेमा बघताना हा उशीर कुणाला कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. गेममध्ये मात्र उडी मारायचं बटण दाबावं आणि गडी दरीत पडल्यावर उडी यावी, असं होतं. काही सेटवर सिनेमाच्या मोडमध्ये हा लॅग १०० मिलिसेकंदांच्या वर जातो. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे सहा फ्रेम तिथेच गेल्या. गेम मोड ही सगळी रंगरंगोटी बंद करतो. बऱ्या सेटवर मग लॅग २० च्या खाली येतो, आणि ६० हर्ट्झवर बंड्यासारख्याला तेवढं पुरतं.

"हा आकडा खोक्यावर नसतो," नाना म्हणाले. "कुणीतरी यंत्र लावून मोजलेला शोधावा लागतो. गेम मोड आहे एवढं वाचून भुलू नकोस. तो चालू करून लॅग किती उरतो ते बघ."

बंड्या टिपून घेत होता. तेवढ्यात मास्तर परतला, आणि या खेपेला त्याच्याकडे मुद्दा होता.

"काळा रंग कोण बघणार? रात्रीचा प्रसंग आहे, माणूस अंधारातून चाललाय, आणि तुमच्या पडद्यावर राखाडी धुकं. काय करायचे ते हर्ट्झ? पॅनेल कुठलं आहे, व्हीए की आयपीएस?"

एलसीडी पॅनेलचे हे दोन प्रकार, पण यातला कुठला ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. बहुतेक वेळा नसतंच. साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातला फरक, हजाराला एकच्या आसपास असतो, व्हीएचा सहज तीन हजारांच्या वर. अंधाऱ्या खोलीत हा फरक आंधळ्यालाही दिसेल, असं मास्तरचं म्हणणं. उलट व्हीएसमोरून बाजूला सरकलं की रंग फिके पडतात. आयपीएस तिथे टिकून राहतो. घरात चौघं चार कोपऱ्यांत बसून बघणार असतील, तर गणित बदलतं.

"मी समोरच बसतो. एकटाच," बंड्या म्हणाला.

"मग व्हीए. विषय संपला."

"संपला नाही," नाना म्हणाले. "एकाच मॉडेलच्या नावाखाली त्रेचाळीस इंचीत एक पॅनेल आणि पंचावन्नमध्ये दुसरं, असं सर्रास चालतं. मित्राकडे छान दिसला म्हणून दुसऱ्या मापाचा घेऊ नकोस."

एचडीआरवर, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त मोठा फरक दाखवणाऱ्या चित्रावर, मात्र सगळ्यांचं चक्क एकमत झालं. एचडीआर सिनेमे बरेचदा १००० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड गृहीत धरून तयार होतात. स्वस्त सेट ३०० च्या आसपास दमतो, आणि त्याला लोकल डिमिंगही नसतं, म्हणजे पडद्याचा एक भाग उजळ आणि शेजारचा काळा ठेवता येत नाही. एचडीआर सिग्नल घेता येतो एवढाच त्या चिन्हाचा अर्थ. दाखवायचा म्हणजे घागरीतलं पाणी लोट्यात ओतणं. कधी कधी साध्या चित्रापेक्षा ते जास्त काळपट दिसतं. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच एका प्रकाराची गंमत तर अशी की प्लेस्टेशन ५ ते देतच नाही, एक्सबॉक्स सीरीज एक्स आणि एस देतात. म्हणजे बंड्या गेमसाठी ज्या चिन्हाचे पैसे मोजायला निघाला होता, ते फक्त ओटीटीवर उपयोगी पडणार होतं. क्यूएलईडी हाही पॅनेलचा वेगळा प्रकार नव्हे. एलसीडीच, बॅकलाइटपुढे क्वांटम डॉटचा थर घातलेली. त्याने रंग गडद होतात, अंधार नाही.

मग नानांनी खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं ते विचारलं. "बसतोस किती लांब?"

बंड्याने हवेत माप घेतलं. सात फूट.

पंचावन्न इंचावर फुल एचडीचे पिक्सेल साधारण सात फुटांपलीकडे चांगल्या नजरेलाही सुटे दिसत नाहीत. त्रेचाळीस इंचावर हेच अंतर साडेपाच फूट. म्हणजे सात फुटांवरून त्रेचाळीस इंची फोर-के आणि फुल एचडी यांत फरक शोधत बसावं लागेल. नानांचा सल्ला सरळ होता: आकार थोडा कमी कर, पॅनेल चांगलं घे. आता मोठ्या मापात बहुतेक सेट फोर-केच मिळतात, तेव्हा त्यासाठी वेगळं भांडायला नको. फक्त बत्तीस इंचीत सांभाळ, तिथे अजून १३६६ बाय ७६८ चे सेट विकतात. त्यावर ना ७२० ओळींचं चित्र जसंच्या तसं बसत ना १०८० चं, कन्सोलची अक्षरं पुसट दिसतात.

मास्तरला आकार कमी करणं पटेना. सिनेमासाठी पडद्याने नजरेचा ३० अंशांचा कोन भरावा असा जुना ठोकताळा आहे. पंचावन्न इंचासाठी तो साडेसात फुटांवर येतो, बंड्याच्या जागेला जवळपास चपखल. "त्रेचाळीस घेऊन तू सिनेमा खिडकीतून बघशील," तो म्हणाला. यावर पाऊण तास गेला. मी नानांच्या बाजूचा. मोठ्या पडद्यावरचा राखाडी काळा मोठाच दिसतो. पण मास्तरचं गणित चूक नव्हतं, आणि शेवटी तोड निघाली ती मधल्या, पन्नास इंचांवर.

चिंगी अजून १२० वर अडून होती. कन्सोल कधी ५२ फ्रेम देतो, कधी ५८. व्हीआरआर, म्हणजे गरजेप्रमाणे बदलणारा रिफ्रेश रेट, असलं की टीव्ही त्याच्या तालावर चालतो, नसलं की चित्र मधूनच फाटतं नाहीतर धक्का खातं. प्लेस्टेशन ५ वर ते ४८ ते १२० हर्ट्झमध्ये चालतं, आणि तेही एचडीएमआय २.१ वरच. "आत्ता वाचवशील आणि उद्या हळहळशील. त्यापेक्षा थांब आणि गेल्या वर्षीचं वरचं मॉडेल उतरलं की उचल." हे ऐकून नानांनीही मान हलवली. फक्त एक बजावलं: अशा स्वस्तात मिळालेल्या सेटवर पूर्ण ताकदीची पोर्ट एकदोनच असतात, आणि साउंडबारला आवाज पुरवणारी सोय, ईएआरसी, नेमकी त्यातल्याच एकीवर असू शकते. मागची बाजू बघून घे. शिवाय पोर्टचं 'एनहान्स्ड' सेटिंग कारखान्यातून बंद आलेलं असू शकतं. ते चालू केलं नाही तर २.१ असून नसल्यासारखं.

"आणि घरी आणल्या आणल्या मोशन स्मूदिंग, ते फ्रेमच्या मधे फ्रेम रचणं, बंद," मास्तर. "२०१८ साली टॉम क्रूझने दिग्दर्शक क्रिस्तोफर मॅक्वॉरीला शेजारी उभं करून तेवढंच सांगायला व्हिडिओ टाकला होता. सिनेमाची मालिका करून ठेवतं ते."

"पण विकत घेताना तपासू कसं?" बंड्याने विचारलं. "दुकानात सगळेच भारी दिसतात."

"दिसणारच. तिथे सगळे झगझगीत मोडमध्ये लावलेले असतात. वर दिव्यांचा लखलखाट, त्यात राखाडीही काळंच वाटतं. रिमोट माग, सिनेमा मोड लाव, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असलेलं काहीतरी चालव आणि काचेशी दोन्ही हातांचा आडोसा करून बघ. मग दोन पावलं बाजूला सरक." नाना उठले. "आणि कन्सोल बरोबर ने. गेम मोड चालू, बंद, चालू. तुझ्या अंगठ्याला कळेल."

"कंट्रोलर दोन घे," चिंगी म्हणाली. "मी येते."

"आधी माझा अंधारातला प्रसंग," मास्तर म्हणाला, आणि पेन ड्राइव्ह शोधायला खिसे चाचपू लागला.