मेकोसाबागेतले पाळकसाहेब

लीड्समध्ये आमच्या मंडळाचा गणपती मेथडिस्ट ह्या ख्रिस्ती पंथाच्या एका चर्चच्या हॉलमध्ये बसतो. भाडं परवडतं, पार्किंग मोठं. किल्ली घेऊन येणारे निवृत्त पाळक आरती संपेपर्यंत मागच्या खुर्चीवर बसतात आणि दोन मोदक खाऊन जातात. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले की पहिला अंगठा नागपूरच्या आतेभावाचा. त्याच आतेभावाने गेल्या महिन्यात धर्मांतरविरोधी कायद्याच्या वादात विचारलं, "मेकोसाबागेतल्या त्या पाद्र्याने किती जण बाटवले, कोणी मोजलंय का?"

मेकोसाबाग हे नागपुरातल्या वस्तीचं नाव रिक्षावाल्याला सांगण्यात लहानपण गेलं. त्यातला मेकोसा म्हणजे मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च ऑफ सदर्न एशिया, हे त्याच पाद्र्याकडून, आमच्या पाळकसाहेबांकडूनच कळलं. निवृत्तीनंतर ते संध्याकाळी व्हरांड्यात पोरं शिकवत. फी नाही. आम्ही जायचो इंग्रजीसाठी, बोलणी खायचो मराठीवरून. वहीतल्या 'कि'वर पेन्सिलीचं लाल टोक आपटत म्हणायचे, "काहून रे बाप्पा, दीर्घाशी काय वैर हाय तुझं?" स्वतः लिहायचे ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. प्रवचनं, चर्चच्या मासिकासाठी टिपणं, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज. अर्जच जास्त.

वादाला ते घाबरत नसत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा ख्रिस्ती परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. ब्रिटिश वळणाचे मेथडिस्ट आत गेले, ह्यांचं अमेरिकन वळणाचं चर्च ऐनवेळी बाहेर राहिलं. "लग्नाचा मांडव आमच्याच गावात, अन् आम्ही रुसून घरी," असं म्हणून हसायचे. निर्णय पटला नव्हता, तरी चर्च सोडलं नाही.

१९५६ सालाबद्दलही त्यांनीच सांगितलं. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला १९५४ मध्ये नियोगी समिती नेमली गेली, तिचा अहवाल ५६ चा. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी इथेच लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. "दोन्ही वाच, मग बोल," हा त्यांचा आग्रह. आमच्या ग्रुपवर मात्र समोर कोण आहे ते पाहून एकच आठवतं.

इथे लीड्समध्ये किल्लीवाल्या म्हाताऱ्याला कोणी काही विचारत नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले, ४६.२ टक्के. कितीतरी चॅपलांचे, म्हणजे छोट्या चर्चचे, फ्लॅट झालेत. आधी ही शांतता मला सुधारणेची खूण वाटायची. आता वाटतं, भांडायला येणारंच कोणी उरलेलं नाही. गणपतीचे चार दिवस सोडले तर त्या हॉलमध्ये पोरांचा आवाज मी तरी ऐकलेला नाही. त्या मानाने आपलं नागपुरी भांडण मला बरं वाटतं. फक्त ज्याच्यावरून भांडायचं त्याच्या व्हरांड्यात एकदा तरी बसलेलं असावं.

आणि आतेभाऊ बसलेला होता. माझ्याच शेजारी, दोन वर्षं. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, "आपण दोघं तिथे शिकलो. मोजायला सुरुवात कर."

दोन तास कोणी काही बोललं नाही. मग आत्याचा मेसेज आला: "ह्याचं इंग्रजी सुधारलं, पण 'कि' अजून ऱ्हस्वच लिहितो."