तीन तिघाडा, मॉनिटर बिघाडा

एका मॉनिटरवर ट्रकचा गेम खेळायचा म्हणजे समोरचं तेवढं दिसतं, बगलेतनं कोण घुसतंय ते ठोकल्यावरच कळतं. म्हणून तीन लावायचे ठरलं. टिळकवाडीतला मित्र म्हणाला, दोन लाव की, बास. अरे दोन लावले तर दोघांच्या कडा बरोबर नाकासमोर येतात, रस्ता दिसायचा तिथं काळं प्लास्टिक!

तर तीन. एक माझा, २७ इंची, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. दुसरा अक्काकडनं आणलेला, भाचा बेंगळूरला गेल्यापासनं नुसता धूळ खात होता, तो साधा ६० वाला. आणि तिसरा बाबांच्या दुकानातला १७ इंची चौकोनी, त्यावर बाबांनी वर्षानुवर्षं टॅली केलीय आणि त्याला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचं केबलचं तोंड.

इथनं खरी मजा सुरू. नव्या ग्राफिक कार्डातनं डिजिटल सिग्नल निघतो, व्हीजीएला ॲनालॉग लागतो, म्हणजे नुसती पिन बदलून भागत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर पाहिजे. खडेबाजारात एका पोरानं स्वस्तातली साधी पिन दिली, घरी येऊन लावली तर अंधार. परत गेलो तर तोच शांतपणे म्हणतो, "अण्णा, इदरिंद बरूदिल्ल." म्हणजे ह्यानं येत नाही. मग दिलास कशाला रे बाबा!

कन्व्हर्टर आला, तिन्ही पेटले. पण विंडोजला आपलं टेबल कुठं माहीत? त्यानं स्वतःच्या मनानं १, २, ३ नंबर दिले आणि माउस उजवीकडं नेला की डावीकडच्या स्क्रीनमधनं बाहेर यायला लागला. सेटिंगमध्ये जाऊन ते चौकोन ओढून जागेवर लावले, तरी १७ इंची बुटका असल्यामुळं वरच्या कोपऱ्यात माउस अडकायचा तो अडकायचाच. त्याच्या खाली कुंद्याच्या मिठाईचे रिकामे बॉक्स घातले. उंची आली, माउस तिथंच अडकला, कारण विंडोज बॉक्स मोजत नाही, पिक्सेल मोजतं, स्क्रीनवरचे ठिपके.

आता गेम. तिन्ही मिळून एकच लांब स्क्रीन करायची तर तिघांना एका रिझोल्यूशनवर, म्हणजे आडव्या-उभ्या पिक्सेलच्या एकाच आकड्यावर, आणि एका हर्ट्झवर यावं लागतं. म्हणजे चौकोन्याचं १२८० बाय १०२४ तेच सगळ्यांचं, आणि माझा १४४ वाला गुमान ६० वर. एका औताला खोंड, म्हातारा बैल नि रेडा जुंपल्यावर चाल कुणाची पडणार? २७ इंचीवर सगळं असं फाकलं की ट्रकची चाकं लंबगोल. तिन्ही फुल एचडी असते तर ५७६० बाय १०८० झालं असतं, म्हणजे जवळपास ६२ लाख पिक्सेल, एका स्क्रीनच्या तिप्पट. त्यात आमच्या कार्डाचा पंखा आताच असा घोंघावतो की आज्जी विचारते, गिरण चालू केलीस काय रे.

पावसाळ्यात तर विचारूच नका. लाईट गेली की यूपीएस कोकलतो, आली की तिघं वेगवेगळ्या वेळी उठतात, आणि तोवर सगळ्या विंडो चौकोन्यावर जाऊन दाटीवाटीनं बसलेल्या.

पण परवा बाबा मागं येऊन उभारले. डाव्या स्क्रीनवर आरसा, त्यात मागची गाडी, समोर हायवे. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "उजवीकडनं काय चालवायलास रे, पोलीस धरतील की!"

"बाबा, जर्मनी आहे हे. तिकडं उजवीकडनंच चालवतात."

"मग ओव्हरटेक डावीकडनं?"

"हो."

"सरक."

तेव्हापासनं रोज रात्री जेवण झालं की खुर्ची त्यांची. निपाणीच्या पुढं कधी स्वतः गाडी नेली नाही ह्या माणसानं, आता हॅम्बुर्गला माल उतरवतो आणि वळणावर चाक लंबगोल दिसलं की माझ्यावर ओरडतो. मी सांगितलं, तुमच्याच दुकानातल्या डब्यामुळं होतंय ते, त्याच्या जागी एक नवीन घ्यावा लागेल. ते म्हणाले, एक कशाला, दोन घे, एकसारखे. आणि ते स्टेअरिंग मिळतं म्हणे पायातल्या ब्रेकसकट, ते केवढ्याला पडतंय तेपण विचारून ठेव, आईला सांगू नको.