तक्रार ‘निवारण झाली’ म्हणे!

आज चौथी खेप. आईची पेन्शन डिसेंबरपासून आलेली नाही, आणि आमच्या सरकारी बँकेच्या कॉम्प्युटरात माझी तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद! अरे, कोणाचं निवारण केलंत?

आई 83 वर्षांची. ऐंशीच्या पुढच्यांचा हयातीचा दाखला 1 ऑक्टोबरपासूनच घेतात, म्हणून गर्दी टाळायला आम्ही ऑक्टोबरातच गेलो. शहाणपणा नडला. मशीनवर अंगठा लागेना. जन्मभर भांडी घासलेला अंगठा तो, रेषा उरल्यात कुठे? पदराने पुसून, फुंकर मारून तिने पाच वेळा ठेवला. खिडकीवरचा पोरगा म्हणे, ‘माताजी, जोर से दबाइए!’ दाबून दाबून नख पांढरं पडलं. चेहरा दाखवूनही 2021 पासून हे काम होतं, पण तेही त्या पोराला मीच सांगायचं. सहाव्यांदा कसाबसा लागला, तर हा म्हणतो, ‘अंकलजी, एक पॉलिसी भी देख लीजिए, इस महीने का टारगेट बाकी है.’

त्याच्यावर तरी काय चिडायचं! तीन खिडक्या आणि माणूस एकटा.

पूर्वी याच शाखेत पेन्शनचं रजिस्टर होतं. बाबू चष्म्यावरून बघायचे, ‘या काकू, बसा’ म्हणायचे, समोर सही घ्यायचे, की वर्षभराची निश्चिंती. मग आली सुधारणा. सगळं उचलून दुसऱ्या शहरातल्या पेन्शन सेलकडे. आता आई धडधडीत समोर खुर्चीत बसलीय आणि मॅनेजर म्हणतात, ‘यहाँ से कुछ नहीं होगा, सेल में मेल डाला है.’ सेलचा फोन लागत नाही. लागला तर म्हणतात शाखेला विचारा.

तक्रार का बंद केली, विचारलं. मॅनेजरनी आवाज खाली आणला: मुदतीत बंद केली नाही तर शाखेचे नंबर कटतात. म्हणजे ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ एवढं टाइप केलं की यांना पैकीच्या पैकी! आणि आईची औषधं मी माझ्या खिशातून आणतोय, ते कुठल्या रकान्यात भरता?

रिझर्व्ह बँकेने 2017 सालीच बँकांना सांगून ठेवलंय की सत्तरीच्या पुढच्यांना घरी सेवा द्या, हयातीच्या दाखल्यासकट. तेही दाखवलं. तर म्हणे ॲपवर बुक करा! बाईच्या बोटाला मशीन ओळखत नाही आणि ही ॲप चालवणार.

बाहेर पडेपर्यंत मोबाइलवर मेसेज हजर. आमच्या सेवेला किती तारे द्याल? आईने विचारलं, ‘काय म्हणतायत रे, झालं का?’ काय सांगू तिला, कपाळ?

उद्या परत बोलावलंय, ‘माताजी को साथ लाइए.’ रिक्षावाल्याने आत्ताच बजावलंय, राजवाड्याच्या पुढे गर्दीत गाडी घालणार नाही, तिथून पायी न्या.