थोरल्याला दोन नंबर

आमच्या वरुड-मोर्शीकडे भावाभावांत वाटणी झाली की वावर कापता येतं, संत्र्याची झाडं मोजून मधे धुरा टाकता येतो, विहीर मात्र सामाईकच राहते. मग पाण्याचे वार वाटून घ्यायचे आणि आपल्या वारी दुसऱ्याची मोटर चालू दिसली की भांडायला जायचं. आमच्या घरच्या वाटणीत विहिरीसोबत टेलिफोनही सामाईक राहिला. तो आजोबांच्या नावावर होता आणि आजोबा असेपर्यंत कापाकापीची भाषा करायची कुणाची हिंमत नव्हती. डबा आमच्या ओसरीत आणि मधल्या भिंतीपलीकडे बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. आमच्या गावापर्यंत यायला त्यानं बैलगाडी धरली. तोवर दोन्ही घरांत एकेक कॉम्प्युटर आला होता, पण फोन एकच. दादा, म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा, अमरावतीला इंजिनिअरिंगला. तो दिवाळीत बातमी घेऊन आला की १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमधे एक सोय आहे, एका मशीनला मोडेम, म्हणजे फोनच्या तारेतून नेट आणणारं खोकं, लावायचा आणि तेच नेट दुसऱ्या मशीनला द्यायचं. "म्हंजे सामाईक?" मोठ्या बाबांनी विचारलं. दादा हो म्हणाला. तिथेच मला पुढचं सगळं दिसायला हवं होतं, पण मला तेव्हा फक्त नेट दिसत होतं.

नागपूरच्या सीताबर्डीवरून कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची दोन लॅन कार्डं आली, केबल आली. मधे हब, म्हणजे सगळ्या केबली एकत्र जोडायचा डबा, घ्यायचा नसेल तर दोन कॉम्प्युटरांना साधी केबल चालत नाही, क्रॉस लागते. एका टोकाला आधी हिरव्या तारांची जोडी, दुसऱ्या टोकाला आधी नारिंगी. दादा संत्र्याच्या बागेतला असूनही नारिंगी आणि तपकिरीत गोंधळायचा, कारण तारा सोलायची ही दाढी-कटिंग सगळी लोडशेडिंगमधे, कंदिलाच्या उजेडात चाललेली. पण खरी अडचण पुढे होती. केबल न्यायची तर वाटणीच्या भिंतीला भोक पाडावं लागणार. ज्या भिंतीसाठी दोन घरं वर्षभर एकमेकांशी बोलली नव्हती, तिला. शेवटी आजीनं निकाल दिला, "पाडा बे, तेवढीच हवा येईन." हवा आली, त्यामागून उंदीरही आले.

जोडणी झाली आणि विंडोजनं आपणहून दोन्ही मशीनना ओळखीचे नंबर वाटले. ज्या मशीनला मोडेम, ते १९२.१६८.०.१. पलीकडच्याला १९२.१६८.०.२. दादानं ते कौतुकानं वाचून दाखवलं. मोठे बाबा पान लावत होते, त्यांचा हात थांबला.

"थोरला मी. अन् दोन नंबर मले काहून?"

दादानं समजावलं की फोनची लाइन जिकडे, तिकडे एक नंबर राहते. "मंग लाइन इकडे आना." बाबा इकडून म्हणाले, "डबा हालनार नाही." बिल गेट्सला आमच्या घराण्याची थोडी जरी माहिती असती तर त्यानं हा खाना रिकामा सोडला असता.

स्पीडचं काय सांगावं. मोडेमच्या खोक्यावर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट, छापलेलं. आमची तार खांबाखांबांवरून, निंबाच्या फांद्यांतून, एका ठिकाणी तर कुंपणाला टेकून येणारी. तिच्यावर २८.८ मिळाले तरी दादा टाळी द्यायचा. म्हणजे सेकंदाला साडेतीन केबी. ४ एमबीचं गाणं एकट्यानं ओढलं तर २० मिनिटं, दोन्ही घरांनी एकेक ओढलं तर ४०, आणि मधे कुणी रिसीव्हर उचलला तर पुन्हा पहिल्यापासून. गंमत अशी की भिंतीतल्या भोकातून जाणारी केबल १०० एमबीपीएसची होती. माझ्या खोलीतून दादाच्या खोलीत फोटो डोळा लवायच्या आत जायचा. गावाबाहेरच्या जगाशी मात्र आम्ही त्याच्या तीन हजारपट हळू बोलत होतो. भाऊबंदकी असलेल्या घरात हे उलटं असतं तर बरं झालं असतं.

दादाचं सगळं आमच्या मशीनवर अवलंबून. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचा आमचा फेज गेला की त्यांच्याकडे पंखा फिरतोय, कॉम्प्युटर चालू आहे, नेट नाही. मग भिंतीपलीकडून आवाज, "मुद्दाम बंद केलं का बे?" त्याहून भयंकर प्रकार रात्रीचा. विंडोजमधे आणखी एक सोय होती, पलीकडच्या मशीननं नेट मागितलं की इकडचा मोडेम आपोआप नंबर फिरवणार. लाइट रात्री बाराला यायची, म्हणून दादा मशीन रात्रीच चालू ठेवायचा. त्याच्या अँटिव्हायरसला दीड वाजता नव्या व्हायरसांची यादी हवीशी वाटायची. आणि बाबांच्या उशाशी, कुणी हात न लावता, टूं टूं टूं, किर्रर्र, घ्याँव, खर्रर्र. पहिल्या रात्री बाबा बॅटरी आणि काठी घेऊन उठले. आजी अंधारातूनच म्हणाली, "अबे, कोन कन्हून राह्यलं? पानी पाजा त्याले."

फोन दिवसभर एंगेज. मोर्शीची आत्या दोन दिवस लावत राहिली आणि तिसऱ्या दिवशी एसटीनं थेट दारात, पदर डोळ्याला लावलेला. "कोन गेलं बाप्पा?" कुणी गेलं नाही हे कळल्यावर ती जी भडकली, ती जेवूनही शांत झाली नाही. जाताना मोडेमच्या लुकलुकत्या दिव्याला तिनं बोटं मोडली. त्याच रोहिणीत वीज पडली आणि मोडेम जळला. वायर काढून ठेवायची राहिली होती, हे तांत्रिक कारण. घरात मानलं गेलेलं कारण वेगळं आहे.

नव्या मोडेमसोबत बिलाचा प्रश्न आला. तीन मिनिटांना एक युनिट. मोठे बाबा म्हणाले, पाण्यासारखे तास वाटा. पण दोघं एकाच वेळी चालू असले तर? दादा म्हणाला, किती बाइट आले ते स्क्रीनवर दिसते.

"बाइट म्हंजे किती?"

"आठ बिट."

मोठ्या बाबांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी मोठ्या बाबांकडे. वाटणीनंतर पहिल्यांदाच दोन्ही भावांचं एकमत झालं होतं, की पोरगं उल्लू बनवून राह्यलं. शिवाय स्क्रीनवरचा तो आकडा दोन्ही घरांचा मिळून निघाला. बिल निम्मंनिम्मं ठरलं, कुरकुर मात्र पूर्ण दोन्हीकडे.

पुढे ब्रॉडबँड आलं, नेट दोन्ही घरांना वाटून देणारा राउटर आला. किंकाळी बंद, फोन मोकळा. दादानं एक शुभवर्तमानही दिलं, आता एक नंबर राउटरचा, दोन्ही घरं त्याच्या खाली. मोठ्या बाबांना हे पटलं. तिऱ्हाईत थोरला चालतो.

"मंग दोन नंबर कोनाले?"

"जो आधी चालू करीन त्याले," दादा सहज बोलून गेला.

तेव्हापासून मोठे बाबा पहाटे चारला उठतात. बागेतल्या ओलितासाठी गडी ठेवलाय. कॉम्प्युटर ते स्वतः लावतात.